गाठ काढली, पण तपासली का?

माझी मावशी बराकपूरला राहते. काका हवाई दलातून निवृत्त झाले आणि मुलं कोलकात्यातच शिकली, म्हणून दोघं तिथेच स्थायिक झाले. तीन वर्षांपूर्वी मावशीला डाव्या गालाच्या आतल्या बाजूला एक गाठ लागली. दुखत नव्हती, खुपत नव्हती. जेवताना जीभ तिकडे गेली की वाटाण्यासारखं काहीतरी हाताला, म्हणजे जिभेला, लागायचं. तिने दाताच्या डॉक्टरांना दाखवलं. दाढ किडलेली नव्हती. "गाल चावला गेला असेल, नाहीतर चरबीची गाठ असेल," असं उत्तर मिळालं. मावशीलाही ते पटलं.

आठ-नऊ महिन्यांत वाटाण्याचं बोर झालं. मग एका छोट्या नर्सिंग होममध्ये भूल देऊन ती गाठ काढली. वीस मिनिटांचं काम. काढलेली गाठ एका बाटलीत सलाइनच्या पाण्यात घालून काकांच्या हातात दिली. "साधीच दिसतेय. तपासायला पाठवायची तर पाठवा," असं सांगितलं. काकांनी बाटली घरी आणली. दोन दिवस ती स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. तिसऱ्या दिवशी मावशीला ती बघवेना, म्हणून फेकून दिली.

दीड वर्षाने त्याच जागी गाठ पुन्हा आली. या वेळी कोलकात्याच्या सर्जननी पहिला प्रश्न विचारला, "आधीच्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे?"

रिपोर्ट नव्हताच. त्या एका बाटलीमुळे पुढचे तीन महिने आमचं सगळं घर हललं. मावशी आज बरी आहे, हे आधीच सांगते. पण त्या तीन महिन्यांत डॉक्टरांकडून जे समजलं आणि नंतर वाचून जे कळलं, ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं असं मला वाटतं. कारण गाठ कोणालाही, कुठेही येऊ शकते.

मऊ ऊतींच्या गाठी म्हणजे काय?

आपल्या शरीरात हाडं आणि अवयव यांना जोडणारा, झाकणारा, भरून काढणारा एक मोठा भाग असतो. चरबी, स्नायू, स्नायूंवरची आवरणं, शिरा, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची आवरणं हे सगळं त्यात येतं. यांना मऊ ऊती म्हणतात. या ऊती डोक्यापासून तळपायापर्यंत सगळीकडे असतात, म्हणून त्यांच्या गाठीही कुठेही होऊ शकतात.

यातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पाठीवरची किंवा दंडावरची चरबीची गाठ आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोणालातरी असतेच. साध्या गाठी आणि कर्करोगाच्या गाठी यांचं प्रमाण शंभराला एक असं सांगितलं जातं. मऊ ऊतींच्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. मोठ्या माणसांना होणाऱ्या सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. मुलांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त असतं.

म्हणजे घाबरण्यासारखं फार नाही. पण अडचणही इथेच आहे. नव्याण्णव गाठी साध्या निघाल्या की शंभरावीही साधीच समजली जाते. गल्लीतल्या डॉक्टरला आख्ख्या कारकिर्दीत सार्कोमाचे मोजकेच रुग्ण दिसतात. शिवाय या गाठींचे प्रकार शंभराच्या आसपास आहेत. जागतिक आरोग्य संघटना त्यांचं वर्गीकरण पुस्तकरूपाने प्रसिद्ध करते आणि ते वेळोवेळी बदलतं. पाचवी आवृत्ती २०२० साली आली.

जिथे अपेक्षा नसते तिथे

गाठ नेहमीच्या जागी आली तर डॉक्टरांच्या मनात लगेच नाव येतं. मनगटावर मऊ फुगवटा असेल तर गँगलिऑन, मानेत असेल तर लसिकाग्रंथी किंवा थायरॉइड. पण तीच गाठ भलत्या जागी आली की अंदाज चुकतो. काही उदाहरणं पाहा.

नखाखाली: ग्लोमस ट्यूमर नावाची एक इवलीशी गाठ बऱ्याचदा बोटाच्या नखाखाली होते. बाहेरून काही दिसत नाही, पण थंड पाण्यात हात घातला की कळ मस्तकात जाते. टाचणीच्या टोकाएवढ्या एकाच जागी दुखतं. अनेकींचं हे दुखणं "संधिवात", "नस दबली", "मनाचे खेळ" म्हणून वर्षानुवर्षं रेंगाळतं. गाठ काढली की दुखणं थांबतं. हीच गाठ क्वचित जठरातही सापडते, आणि मग तिला ओळखणं आणखी कठीण होतं.

सिझेरियनच्या व्रणाजवळ: पोटाच्या भिंतीत, जुन्या टाक्यांच्या आसपास गाठ आली तर दोन वेगळ्या शक्यता असतात. गर्भाशयाच्या अस्तराचा अंश तिथे रुजला असेल, तर पाळीच्या दिवसांत गाठ दुखते आणि फुगते. दुसरी शक्यता डेस्मॉइड नावाच्या गाठीची. ती शरीरात दूर पसरत नाही, पण आजूबाजूला घुसत जाते. "टाका पिकला असेल" असं म्हणून दोन्हींकडे दुर्लक्ष होतं.

खांद्यावर किंवा छातीवर: डीएफएसपी या लांबलचक नावाच्या गाठीचा सुरुवातीचा चेहरा अगदी जुन्या व्रणासारखा असतो. लालसर, कडक, हळूहळू वाढणारा चट्टा. लोक वर्षानुवर्षं त्याला मलम लावत राहतात.

डोक्यावर: वयस्कर माणसाच्या टाळूवर मार न लागता निळसर-जांभळा डाग आला आणि तो पसरत गेला, तर तो रक्तवाहिन्यांचा अँजिओसार्कोमा असू शकतो. घरच्यांना वाटतं, बाबा कुठेतरी आपटले असतील.

पोटाच्या मागच्या भागात: इथली चरबीची दुष्ट गाठ कोणतीही तक्रार न करता खूप मोठी होऊ शकते. पँट घट्ट व्हायला लागते आणि माणूस म्हणतो, "वजन वाढलंय, चालायला सुरुवात केली पाहिजे."

गर्भाशयात: फायब्रॉइड ही अतिशय नेहमीची आणि साधी गाठ. पण क्वचित फायब्रॉइड समजून काढलेली गाठ सार्कोमा निघते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया झालेल्या साधारण ३५० बायकांमध्ये एकीला असा लपलेला सार्कोमा असू शकतो, असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गाठीचे पोटातच तुकडे करणारं यंत्र वापरलं, तर अशी गाठ पसरण्याचा धोका असतो, हे त्या इशाऱ्याचं कारण. म्हणून दुर्बिणीतून फायब्रॉइड काढायचं ठरलं असेल, तर ते बाहेर कसं काढणार, हे विचारायला लाजू नका.

मुलांमध्ये: रॅबडोमायोसार्कोमा हा स्नायूंचा कर्करोग लहान मुलांना होतो आणि बऱ्याचदा हातापायांत नसून डोळ्याच्या खोबणीत, कानात, नाकात, मूत्राशयात किंवा योनिमार्गात होतो. एक डोळा पुढे आल्यासारखा दिसणं, कानातून पुन्हा पुन्हा रक्तमिश्रित पाणी येणं, लहान मुलीच्या योनिमार्गातून द्राक्षाच्या घोसासारखं काही बाहेर येणं, या खुणा दिसल्या तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नका.

प्रत्येक सूज म्हणजे ट्यूमर नव्हे

याची दुसरी बाजूही आहे. आपल्या देशात ट्यूमरचं सोंग घेणारे आजार बरेच आहेत. क्षयाचा थंड गळू मांडीत किंवा पाठीत गाठीसारखा दिसतो. पट्टकृमीची अंडी पोटात गेल्याने होणारा सिस्टिसर्कोसिस स्नायूत, जिभेत, अगदी पापणीतही गाठ करतो.

बंगालशी जोडलेली एक जुनी हकिगत आहे. जेम्स एस्डेल नावाचे स्कॉटिश डॉक्टर हुगळी गावी नोकरीला होते. हे गाव बराकपूरपासून वर, नदीच्या पलीकडच्या काठाला. क्लोरोफॉर्म यायच्या आधी, १८४५ पासून, त्यांनी संमोहनाचा वापर करून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. त्यात पुरुषांच्या वृषणाभोवतीच्या अवाढव्य "ट्यूमर"ची संख्या मोठी होती. आज आपण त्यांना ट्यूमर म्हणणार नाही. डासांमुळे पसरणाऱ्या हत्तीरोगाची ती सूज होती. म्हणजे गाठ डोळ्यांनी पाहून तिचं नाव सांगता येत नाही, ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वी जितकी खरी होती तितकीच आजही आहे.

कोणत्या गाठीला थांबवून ठेवू नये?

सगळ्या गाठींसाठी मोठ्या शहरात धावत जायची गरज नाही. पण पुढच्यापैकी एकही खूण असेल तर "बघू या" म्हणू नका.

• गाठ वाढते आहे. ही सगळ्यात महत्त्वाची खूण.
• गाठ पाच सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी आहे.
• ती त्वचेखाली सरकत नाही, खोल स्नायूला चिकटल्यासारखी वाटते.
• एकदा काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा आली आहे.
• गाठ दुखू लागली आहे, विशेषतः रात्री.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला, "दुखत नाही म्हणजे साधी आहे." सार्कोमा सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. दुसरा, "लहान आहे म्हणजे साधी आहे." हात, पाय, चेहरा अशा ठिकाणी जागाच कमी असते, त्यामुळे तिथली दोन सेंटीमीटरची गाठही गांभीर्याने घ्यावी लागते. मावशीच्या बाबतीत वरच्या पाचपैकी दोन खुणा होत्या. गाठ वाढत होती आणि परत आली होती.

अशी गाठ चोळू नका, तिच्यावर गरम शेक देऊ नका, मालिशवाल्याच्या हातात देऊ नका. त्याने गाठ विरघळत नाही, वेळ मात्र जातो.

तपासणीची शिडी

गाठीचं निदान एका तपासणीत होत नाही. त्याला क्रम असतो आणि तो क्रम चुकला की गोंधळ होतो.

पहिली पायरी, हात लावून तपासणी. गाठ कधीपासून आहे, किती वाढली, सरकते का, आधी काही काढलं होतं का, हे डॉक्टर विचारतात. उत्तरं नीट द्या. मोबाइलमधले जुने फोटोसुद्धा उपयोगी पडतात. मावशीच्या भाच्याच्या लग्नातल्या फोटोंवरून तिचा गाल कधीपासून फुगला हे आम्हाला कळलं होतं.

दुसरी पायरी, सोनोग्राफी. स्वस्त, सोपी आणि जवळपास उपलब्ध. गाठ पाण्याची आहे की भरीव, वरवर आहे की खोल, तिच्यात रक्तप्रवाह किती आहे, हे समजतं. बऱ्याच साध्या गाठींचा प्रश्न इथेच सुटतो.

तिसरी पायरी, एमआरआय. गाठ खोल, मोठी किंवा संशयास्पद असेल तर हा लागतो. स्नायू, नसा, रक्तवाहिन्या यांच्याशी गाठीचं नातं कसं आहे ते यात दिसतं. इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे एमआरआय शक्यतो बायोप्सीच्या आधी करतात. बायोप्सीने आत रक्त साचलं तर नंतरचं चित्र फसवं येऊ शकतं.

चौथी पायरी, बायोप्सी. बारीक सुईने पेशी ओढून घेण्याच्या तपासणीला एफएनएसी म्हणतात. मानेच्या गाठींमध्ये तिचा खूप उपयोग होतो. पण सार्कोमाचा संशय असेल तर ती बहुतेकदा पुरत नाही, कारण सुट्या पेशींवरून गाठीची रचना कळत नाही. त्यासाठी जाड सुईने गाठीच्या बारीक काड्या काढतात. याला कोअर बायोप्सी किंवा ट्रूकट बायोप्सी म्हणतात.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे वाक्य आमच्या घरातही तीनदा ऐकू आलं. योग्य पद्धतीने केलेल्या बायोप्सीत हा धोका अगदी नगण्य असतो. शिवाय अनुभवी डॉक्टर सुईची वाट अशी निवडतात की पुढे शस्त्रक्रियेत तो मार्गही गाठीबरोबर काढता यावा. म्हणूनच शक्य असेल तर जो सर्जन ऑपरेशन करणार त्याच्याच सल्ल्याने बायोप्सी व्हावी.

खरं नुकसान होतं ते उलट क्रमाने गेल्यावर. आधी गाठ काढायची, मग कळायचं की ती सार्कोमा होती. अशा वेळी गाठीच्या कडेला पेशी मागे राहिलेल्या असू शकतात, आजूबाजूची जागा रक्ताने माखलेली असते आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा मोठी करावी लागते. इंग्रजीत डॉक्टरमंडळी अशा शस्त्रक्रियेला "वूप्स सर्जरी" म्हणतात, म्हणजे "अरेच्चा" म्हणायला लावणारी शस्त्रक्रिया.

प्रयोगशाळेत काय घडतं?

गाठीचा तुकडा लॅबमध्ये गेला की रिपोर्ट यायला आठवडा का लागतो, असं काकांना वाटायचं. मलाही वाटायचं. नंतर सगळी प्रक्रिया समजली.

तुकडा आधी दहा टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो सडत नाही आणि पेशींचा आकार टिकतो. द्रावण तुकड्याच्या निदान दहापट हवं. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा खराब होतो. म्हणजे मावशीची ती खिडकीतली बाटली तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेली असती तरी फारसा उपयोग झाला नसता.

मग तुकड्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात. त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढून काचेवर लावतात आणि निळ्या-गुलाबी रंगाने रंगवतात. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहतात.

मावशीच्या बायोप्सीचा पहिला रिपोर्ट आला त्यात एकच ओळ महत्त्वाची होती. "स्पिंडल सेल ट्यूमर. आयएचसी करावे." काका वैतागले. "म्हणजे ठरलं काहीच नाही, आणि वर आणखी पैसे भरा. धंदा आहे सगळा!"

तो धंदा नव्हता. स्पिंडल म्हणजे चाती. दोन्ही टोकांना निमुळत्या, चातीच्या आकाराच्या पेशी स्नायूच्या गाठीतही असतात, मज्जातंतूच्या गाठीतही, तंतूंच्या गाठीतही, आणि साध्या तसंच दुष्ट अशा दोन्ही प्रकारांत. नुसत्या रंगावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, इथे कामाला येते. पेशींमधल्या ठरावीक प्रथिनांना जाऊन चिकटणारी द्रव्यं त्या कापांवर टाकतात. प्रथिन असेल तर तिथे तपकिरी रंग उमटतो. एस-१०० उमटलं तर मज्जातंतूच्या आवरणाकडे बोट जातं, डेस्मिन उमटलं तर स्नायूकडे. एकेक नाव खोडत डॉक्टर उत्तरापर्यंत जातात.

मावशीच्या गाठीत एस-१०० आणि डेस्मिन नव्हतं. सीडी-३४ होतं. आणि स्टॅट-६ नावाचं प्रथिन पेशींच्या केंद्रकात ठळक उमटलं होतं. नाव ठरलं: सोलिटरी फायब्रस ट्यूमर.

गालात आलेली फुप्फुसाजवळची गाठ

या गाठीची गोष्ट वाचताना मी थक्क झाले. १९३१ साली क्लेंपरर आणि राबिन या दोन डॉक्टरांनी फुप्फुसाच्या आवरणातल्या गाठी म्हणून तिचं वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं ती छातीतलीच गाठ समजली गेली. दरम्यान शरीराच्या इतर भागांत मिळणाऱ्या अशाच काही गाठींना १९४२ पासून दुसरंच नाव दिलं जात होतं, हेमँजिओपेरिसायटोमा. हळूहळू लक्षात आलं की यातल्या बहुतेक गाठी म्हणजे एकच आजार आहे, आणि तो मेंदूच्या आवरणापासून मांडीपर्यंत कुठेही होऊ शकतो. तोंडातही.

पक्का पुरावा २०१३ साली मिळाला. या गाठींमध्ये नॅब-२ आणि स्टॅट-६ ही शेजारशेजारची दोन जनुकं एकमेकांत जोडली गेलेली असतात, हे संशोधकांनी दाखवलं. त्यावरूनच स्टॅट-६ची चाचणी आली. म्हणजे मावशीची गाठ पंधरा वर्षं आधी आली असती, तर तिला खात्रीने नाव देणं डॉक्टरांना बरंच जड गेलं असतं.

नाव कळल्याने काय बदललं? सगळंच. छातीचा सीटी स्कॅन झाला, कारण मूळ गाठ छातीत तर नाही आणि फुप्फुसात काही पसरलं तर नाही, हे बघायचं होतं. दोन्ही नव्हतं. बहुतेक सोलिटरी फायब्रस ट्यूमर संथ असतात आणि पूर्ण निघाले की त्रास देत नाहीत. काही मात्र परत येतात किंवा पसरतात, तेही कधीकधी खूप वर्षांनी. म्हणून शस्त्रक्रियेत गाठीभोवतीची थोडी निरोगी जागाही काढली आणि दरवर्षी तपासणीला बोलावलं. केमोथेरपीची गरज पडली नाही. नाव न कळता नुसतं घाबरून उपचार सुरू केले असते, किंवा पुन्हा "चरबीची आहे" म्हणून वरवर काढली असती, तर दोन्हीत नुकसान मावशीचंच होतं.

दुसरं मत कुठे घ्यायचं?

दुर्मीळ गाठीचा रिपोर्ट एकाच ठिकाणचा असेल तर दुसरं मत घेणं हा डॉक्टरांवरचा अविश्वास नाही. चांगले पॅथॉलॉजिस्ट स्वतःच अवघड स्लाइड एकमेकांना दाखवतात. तुम्हाला परत सुई टोचून घ्यायची गरजही नसते. तुमचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घेता येतात आणि दुसऱ्या संस्थेत तपासून घेता येतात.

बराकपूरहून लोकलने सियालदहला उतरलं की कोलकात्यात पर्याय आहेत. हाजरा भागातली चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्था जुनी. तिचं उद्घाटन १९५० साली नोबेलविजेत्या इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झालं होतं. तिचा दुसरा परिसर न्यू टाउनला २०२२ मध्ये सुरू झाला. न्यू टाउनलाच २०११ पासून टाटा मेडिकल सेंटर आहे. नावात टाटा असलं तरी ही संस्था आणि मुंबईचं टाटा मेमोरियल या वेगवेगळ्या आहेत. पत्र किंवा फाइल पाठवताना इथे अनेकांचा घोळ होतो.

तरीही बंगालमधून कितीतरी कुटुंबं हावड्याहून गाडी पकडून मुंबई गाठतात. परळला टाटा मेमोरियलच्या आसपास फिरलात तर मराठीइतकीच बंगाली कानावर पडते. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. त्याच्या प्रयोगशाळांची जबाबदारी होती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. गाठ भलत्या जागी का आली, हा प्रश्न त्यांनीही विचारला होता. धोतराची गाठ कंबरेला जिथे वर्षानुवर्षं घासते तिथे त्वचेचा कर्करोग होतो, हे त्यांनी आणि सहकाऱ्याने १९४५ साली लिहिलं. तो त्वचेचा आजार, आपला विषय मऊ ऊतींचा. पण रुग्ण कसा राहतो, काय नेसतो, काय खातो हे विचारल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही, ही शिकवण तीच. त्यांच्या पुढाकाराने १९५२ साली उभं राहिलेलं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झालं. नवी मुंबईतल्या खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हा त्याचाच आजचा विस्तार.

परळला जावं लागलंच, तर राहण्याची चिंता सगळ्यात मोठी असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था बाहेरगावच्या रुग्णांना आधार देतात. निघण्यापूर्वी तिथे चौकशी करा. पण आता प्रत्येकाने मुंबईला जायलाच हवं असंही नाही. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली तीनशेहून जास्त केंद्रं जोडलेली आहेत, आणि उपचारांची पद्धत सगळीकडे सारखी असावी हा तिचा हेतू आहे. तुमच्या जवळचं केंद्र त्यात आहे का, ते आधी पाहा.

खर्चाच्या बाबतीतही आधी चौकशी करावी. आयुष्मान भारत, महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना, बंगालमध्ये स्वास्थ्य साथी, निवृत्त सैनिकांसाठी ईसीएचएस. कोणती तपासणी त्यात बसते हे शस्त्रक्रियेच्या तारखेआधी विचारलेलं बरं. आमच्या घरात हे काम काकांनी केलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यातूनच धीर आला.

गाठ काढण्यापूर्वी हे प्रश्न विचारा

• ही गाठ कशाची वाटते आणि तसं का वाटतं?
• काढण्यापूर्वी सोनोग्राफी किंवा एमआरआय हवा का? बायोप्सी हवी का?
• काढलेली गाठ तपासायला कोण पाठवणार? तुम्ही की आम्ही?
• ती फॉर्मलिनमध्ये ठेवली आहे ना? बाटलीवर नाव, तारीख आणि जागा लिहिली आहे ना?
• रिपोर्ट कधी येईल आणि तो पाहायला कधी येऊ?

आणि घरी एक फाइल ठेवा. सगळे रिपोर्ट, एमआरआयची सीडी, शस्त्रक्रियेची नोंद, लॅबचा ब्लॉक क्रमांक. रिपोर्ट "साधी गाठ" असा आला तरी तो फेकू नका. पाच वर्षांनी तीच गाठ परत आली तर तो कागद सोन्याच्या मोलाचा ठरतो.

मावशी आता दर वर्षी तपासणीला जाते. गालाच्या आत एक बारीकसा व्रण आहे, हसताना डावी बाजू किंचित ओढली जाते. संध्याकाळी दोघं गांधी घाटावर फिरायला जातात. परवा शेजारच्या बोउदी सांगत होत्या, त्यांच्या मुलाच्या पाठीवरची गाठ काढायची आहे, छोटीशीच आहे. मी काही बोलायच्या आधी काकाच म्हणाले, "छोटी असू दे. बाटली लॅबमध्ये पोचली की नाही, ते स्वतः बघून या."